काढून टाकलेला कंडेन्सर

बाजारात मटर आला की माझं डोकं फिरतं. घरात आता हे सगळ्यांना ठाऊक झालंय. नेपियर टाउनच्या आमच्या घरासमोर सकाळी हातगाडी उभी राहते, तिच्यावर हिरव्यागार शेंगांचा ढीग असतो आणि गाडीवाला ओरडत असतो, "मीठा मटर, बाबूजी, शक्कर है शक्कर!" सूनबाई तीन-चार किलो घेते, खोलीत वर्तमानपत्र पसरते आणि म्हणते, "बाबा, बसता का सोलायला?" मी काहीतरी निमित्त काढून उठतो. जबलपुरात राहून मटरावर रुसलेला माणूस मीच एकटा असेन. इथं थंडी म्हणजे मटर, पेरू आणि नर्मदेकडून येणारं धुकं. लोक वर्षभर तिची वाट बघतात, आणि मी ती कधी एकदा जाते याची.

यंदा त्यात नातीनं भर घातली. ती कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतून येतं. कॉलेजसाठी कसलंसं रेकॉर्डिंग करत होती. कॉम्प्युटर माझ्यापुढं आणून म्हणाली, "आजोबा, तुम तो रेडियो-वेडियो बनाते थे ना? ये डीसी ऑफसेट क्या होता है?" पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ होती. मधली आडवी रेषा सोडून ती सगळीच्या सगळी वर सरकून बसली होती.

मी सांगितलं तिला. म्हटलं, बेटा, आवाज म्हणजे थरथर. मधल्या रेषेच्या जेवढी वर, तेवढीच खाली. पण कधीकधी तिच्यासोबत दुसरीही वीज घुसते, एकाच दिशेनं सतत वाहणारी. ती ऐकू येत नाही, म्हणून कुणाचं तिच्याकडं लक्ष जात नाही. पण ती अँप्लिफायरमधून पुढं गेली की स्पीकरचा पडदा एका बाजूला ओढून धरते, वेटोळं तापवते, हळूहळू नास करते. नात म्हणाली, "फिर क्या करते हैं?" म्हटलं, "काय करणार? काढून टाकायची." तिनं कुठलंसं बटन दाबलं. रेघ गपकन खाली येऊन मधोमध बसली. "हो गया," असं म्हणून ती कानात बोंडं घालून निघून गेली. एका बटनात! मी गॅलरीत जाऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात माझ्या हातून हेच काम राहिलं होतं. राहिलं कसलं, केलेलं काम मी माझ्या हातानं उलटं केलं होतं.

माझे वडील, बाबा, इथल्या सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात घण चालायचे त्या विभागात होते. लाल तापलेल्या लोखंडावर वरून घण पडायचा आणि पायाखालची जमीन हादरायची. कानात तेलात भिजवलेला कापूस, एवढंच काय ते संरक्षण. वीस-बावीस वर्षांत कान गेले. तिथं सगळ्यांचेच जायचे, म्हणून त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. केस पिकतात तसे कान जातात, इतकं ते साधं होतं. आमच्या क्वार्टरांच्या रांगेत त्यामुळं सगळेच ओरडून बोलायचे. कुणाकडं काय भाजी, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ, सगळं रस्त्यावर. नागपूरचे पाहुणे आले की त्यांना वाटायचं, यांच्यात भांडण जुंपलंय. आमच्याकडं मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज. रेडिओ घेताना, घंटी घेताना, माणूस पारखतानासुद्धा. पुढचं सगळं यातूनच घडलं.

त्या विभागाची आणखी एक रीत होती. ऐकू आलं नाही हे कुणी कबूल करायचं नाही. कबूल केलं की साहेब दुसरीकडं टाकणार, हलक्या कामावर. मग ओठ बघायचे, मान हलवायची आणि "हो हो" म्हणायचं. बाबा ओठ वाचण्यात पटाईत होते. तरी अखेर साहेबांच्या लक्षात आलंच आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. मान हलवायची सवय मात्र गेली नाही.

आईचा आवाज मुळातच बारीक, त्यात दमा. ओरडायला गेली की खोकल्याची उबळ यायची. शेवटी तिनं चार वाक्यं ठरवून टाकली. दूध आलं. जेवायला या. पत्र आलं. विनू आला. विनू म्हणजे मी. चार-पाच वर्षं नवराबायकोत एवढंच बोलणं. एकदा कणीक मळता मळता ती मला म्हणाली, "ओरडून काय काय सांगता येते रे? तेल संपलं हे सांगता येते. बाकीचं नाही सांगता येत." बाकीचं काय, हे मी विचारलं नाही. चोवीस वर्षांच्या पोराला आईचं 'बाकीचं' काही असतं हेच सुचत नाही. 

मी तेव्हा कारखान्यातच उपकरणांच्या विभागात लागलो होतो आणि मला रेडिओचं भयंकर वेड होतं. गोहलपुरात अजीज मियाँचं दुरुस्तीचं दुकान होतं, जुनं मिलिटरीचं टाकाऊ सामानही त्यांच्याकडं मिळायचं. सुट्टी असली की मी तिथंच. त्यांना सांगितलं, वडिलांसाठी यंत्र करायचंय. टेलिफोनच्या चोंग्यातला माइक, काचेच्या दोन व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि मिलिटरीचा जुना जाडजूड हेडफोन. अजीज मियाँ म्हणाले, "बना लो भैया, सवाब का काम है." पुण्याचं काम म्हणून एका चिठोऱ्यावर त्यांनी जोडणीचा नकाशाही काढून दिला. व्हॉल्व्ह आणि हेडफोनच्या मध्ये एक कंडेन्सर काढला, त्याच्याभोवती पेन्सिलीनं दोनदा गोल केला आणि म्हणाले, "इसे मत भूलना."

भुललो नाही. मी तो लावला होता. माझ्याच हातानं, नीट कथलाचा डाग देऊन.

दसऱ्याच्या आसपास यंत्र तयार झालं. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात सगळं बसवलं होतं. बाबांनी हेडफोन चढवला. आई माइक हातात धरून बसली, कुणी परकं घरात आल्यासारखी अवघडून. मग अगदी हळू म्हणाली, "अहो."

बाबांनी तिच्याकडं पाहिलं.  मग म्हणाले, "किती बारीक झाला ग तुझा आवाज." त्यांना वाटलं होतं आपण हळू बोललो, पण शेजारच्या भाभींपर्यंत गेलं असणार. आई लाजली. बाबांचे डोळे भरले होते आणि मला जग जिंकल्यासारखं वाटलं होतं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण आम्ही पडलो मोठ्या आवाजाची माणसं! दिवाळीत मी खटपट करत बसलो होतो तेव्हा सापडलं, की मधला कंडेन्सर काढला आणि हेडफोन सरळ व्हॉल्व्हच्या तारेत घातला तर आवाज जवळजवळ दुप्पट होतो. बाबांना ऐकवलं. ते खूश. "वा रे पठ्ठ्या! आता कशी धमक आली!" कंडेन्सर माझ्या हातात होता. वाटलं, हा मधे बसून आवाज खात होता लेकाचा. मी तो खिळ्यांच्या डब्यात टाकून दिला. अजीज मियाँनी दोनदा गोल का केला असेल, हा विचार मनाला शिवला नाही. विचारायलाही गेलो नाही. उलट मनात म्हटलं, म्हातारा जुन्या पद्धतीचा, आपण सुधारणा केली. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

नंतरचे तीन-चार आठवडे आमच्या घरात कुणी ओरडलं नाही. हे आजही खरं वाटत नाही, म्हणून मी स्वतःलाच पुन्हा सांगतो. मटर आला होता. दुपारी बाबांची सुट्टी असली की अंगणात उन्हात दोघं चटईवर बसायची, मधे शेंगांची पाटी. खिडकीतून वायर बाहेर आलेली. आईनं माइक पदराला पिनेनं अडकवलेला, बाबांच्या डोक्यावर तो काळा मिलिटरी हेडफोन. शेजारची पोरं त्यांना "पायलट बाबूजी" म्हणायची. आई बोलायची, हळूहळू, शेंगा फोडत. बाबा कधी हसायचे, कधी नुसते ऐकायचे. काय बोलत असत मला माहीत नाही. मी जवळ गेलो की आई गप्प व्हायची आणि म्हणायची, "काहून रे, काही पाहिजे का?" मी निमूट परत जायचो. चार-पाच वर्षांचं 'बाकीचं' ती वाटीवाटीनं देत असणार.

मग पाकिस्तानशी लढाई लागली. कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. भोंगा कधी कुठल्या पाळीचा वाजतोय तेच कळेना. आमच्याच गावात दारूगोळा होतो, म्हणजे बाँब पहिला इथंच पडणार, अशी सगळ्यांची खात्री. काचांना काळे कागद लागले. दिव्याला पुठ्ठ्याची टोपी, तिच्यातून ताटलीएवढा उजेड खाली पडायचा. व्हॉल्व्हचा लाल उजेड दिसू नये म्हणून मी यंत्रावर बाबांचा जुना काळा कोट टाकून ठेवला होता. बाहेर स्वयंसेवक शिट्ट्या फुंकत फिरायचे, "बत्ती बुझाओ!" त्या अंधारात बाबांचं ओठ वाचणं संपलं. सूर्य मावळला की त्यांच्यापाशी फक्त हेडफोन उरायचा.

आणि तो हेडफोनच निकामी होत चालला होता. एका दिवसात गेला असता तर मला कळलं असतं. तो रोज थोडा थोडा गेला. बाबांनी कुणाला सांगितलं नाही, ते नुसतं बटन फिरवून आवाज वाढवत राहिले. एकदा पाळीवरून आलो तर बटन शेवटापर्यंत फिरवलेलं दिसलं. मी खुणेनं विचारलं, कमी येतो का आवाज? बाबा म्हणाले, "मशीन फर्स्ट क्लास आहे रे. माझेच कान जाऊन राहिले." मी मान डोलावली. पटलंच मला! आमच्या घरात कान जायचेच. यंत्राला बोट लावून बघावं, कुठं गरम होतंय, काय होतंय, हे उपकरणांच्या विभागातल्या या शहाण्याला सुचलं नाही. बाराव्या तासाला माणूस नुसता अंथरूण शोधतो हे खरं, पण तो बहाणा मी स्वतःपुढं कधी केला नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा दमा बळावला. नेपियर टाउनचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, म्हणाले, छाती भरलीय, ऊब द्या. दुसऱ्या दिवशी मला पाळी चुकवता येईना. साहेब म्हणाले, "जंग चल रही है, छुट्टी का नाम मत लो." गेलो. जायला नको होतं. नोकरी गेली असती तर गेली असती.

संध्याकाळी सातच्या सुमाराला आई गेली. घरात पाळीवरून आलेले बाबा होते आणि शेजारच्या भाभी पाणी तापवत होत्या. मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. भाभी रडत रडत सांगत होत्या, "बहुत देर बोलती रहीं, भैया. माइक मुँह से लगाके. बाबूजी सिर हिलाते रहे, हाँ-हाँ करते रहे." मी विचारलं, "क्या बोलीं?" त्या म्हणाल्या, "मराठी थी भैया, और बहुत धीमे थी. मेरी समझ में क्या आता?"

बाबा खाटेशी बसले होते, हेडफोन डोक्यावर तसाच. मला बघून काढला. म्हणाले, "विनू, ती बोलत होती. उजेड नव्हता, ओठ दिसून नाही राहिले. मी हो हो म्हणत गेलो. तिला वाटलं मला ऐकू येतंय." मग त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या त्या घणविभागाच्या आवाजात विचारलं, "काय म्हणाली असेल रे?"

 अख्ख्या रांगेनं तो प्रश्न ऐकला. तीन-चार दिवसांनी लढाई जिंकल्याची बातमी आली. सदर बाजारात लोक नाचले, पेढे वाटले, आमच्या दारातही कुणी पुडा ठेवून गेलं. मी तो गाईला घातला.

त्यानंतर बाबा नऊ वर्षं जगले. त्या नऊ वर्षांत आम्ही त्यांच्याशी पाटीवर लिहून बोललो. लग्न ठरलं, पाटीवर लिहिलं. मुलगा झाला, पाटीवर लिहिलं. कानाचं चांगलं यंत्र बाजारात मिळू लागलं तेव्हा माझी बायको म्हणाली, आणू या. बाबांनी हातानंच नको म्हटलं. नातेवाईक म्हणत, म्हातारा हट्टी आहे. मी कुणाला काही बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

आई गेल्यावर तीन महिन्यांनी, शिमग्याच्या सुमारास, मी तो हेडफोन घेऊन अजीज मियाँकडं गेलो. घरात तो बघवत नव्हता. म्हटलं, ठेवा तुमच्याकडं, कुणाच्या तरी कामाला येईल. त्यांनी सवयीनं हेडफोनचा एक कान उघडला. आत लोखंडाची पातळ चकती असते, ती चुंबकाला घट्ट चिकटून बसलेली असते, नखानं उचकावी लागते. अजीज मियाँनी कान उलटा केला तर चकती टपकन त्यांच्या तळहातावर पडली. त्यांनी दुसरा कान उघडला. तीच गत.

"कंडेन्सर निकाल दिया था?" त्यांनी विचारलं. माझ्याकडं न बघताच.

मी हो म्हणालो. ते चकती बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "सीधा करंट इसके अंदर बहता रहा, भैया. वो भी उलटी तरफ से. चुंबक की ताकत धुल गई. रोज़ थोड़ा-थोड़ा." आणि पुढं, "अब्बा के कान को कुछ नहीं हुआ था. बहरा तो ये हुआ."

आता मी जे सांगणार आहे त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला त्या वेळी आनंद झाला. खरंच झाला. दोष सापडला की कारागिराला होतो तो आनंद. बाबांचे कान होते तेवढे शाबूत आहेत! अजीज मियाँनी दुसरा हेडफोन दिला, नवा कंडेन्सर दिला. मी घरी येऊन डबा उघडला, एकाच दिशेनं वाहणारी ती वीज अडवली, फक्त थरथर पुढं जाऊ दिली. मीटर लावून बघितलं, काटा शून्यावर. आईला जाऊन तीन महिने झाले होते आणि मी शीळ घालत काम करत होतो.

रविवारची सकाळ होती. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. मी काही न सांगता त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला, शेजारी बसून माइक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "बाबा."

ते दचकले. "हळू, हळू रे! कान फुटतील." मग त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि ऐकू लागले. नळ गळत होता. भाभींचं लाटणं पोळपाटावर वाजत होतं. चिमण्यांचा नुसता गलका होता. एकेका आवाजाकडं ते मान वळवत होते आणि त्यांचा चेहरा उजळत होता. आई गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले. "काय केलंस रे तू?"

आणि मी मूर्ख, मी सांगत सुटलो. सरळ वाहणारी वीज, चुंबक, मधला कंडेन्सर, मी तो कसा काढला होता, आता कसा लावला. बाबा आयुष्यभर यंत्रांत राहिलेले, त्यांना एकदा सांगितलेलं पुरत असे. माझं बोलणं चाललंच होतं, आणि त्यांचं हसू कधी मावळलं मला कळलंसुद्धा नाही.

"म्हणजे डिसेंबरात माझे कान गेले नव्हते," ते म्हणाले. चक्क हळू म्हणाले. त्यांना आता स्वतःचा आवाज ऐकू येत होता.

त्यांनी चिमटीत कंडेन्सरएवढं अंतर दाखवलं.

"हा एवढासा तुकडा तेव्हा मधे राहिला असता, तर तिचं मला ऐकू आलं असतं?"

माइक माझ्या हातात होता. त्याच्यावर तळवा ठेवता आला असता. नाही म्हणता आलं असतं. पण उन्हात बसलेले बाबा माझ्या ओठांकडं टक लावून बघत होते.

"हो," मी म्हणालो. त्यांना ते स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी हेडफोन काढला, त्याला वायर नीट गुंडाळली आणि तो माझ्या मांडीवर ठेवला.